रंगभवननंतर

मुंबईत रॉक ऐकणारा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वांद्र्याचा नाहीतर कुलाब्याचा मुलगा येतो. पण या संगीताचं घर होतं धोबीतलावला, गिरगावच्या वेशीवर. झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं रंगभवन म्हणजे उघड्यावरचं नाट्यगृह. १९७८ साली निरंजन झवेरींची पहिली जॅझ यात्रा इथे भरली आणि सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक मुंबईकरांना ऐकायला मिळाला. फरहाद वाडियांनी १९८६ मध्ये सुरू केलेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’, आमच्या तोंडचा ‘आय-रॉक’, याच मंचावर मोठा झाला. चार पावलांवर फुर्टाडोचं वाद्यांचं दुकान, आसपासच्या गल्ल्यांत गोवेकरांचे कुड. चर्चमध्ये स्वरलिपी शिकून आलेले आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे कितीतरी वादक याच भागात राहून गेले. रॉक इथे रुजलं यात नवल काहीच नव्हतं.

आम्ही लालबाग-परळकडची मुलं बेस्टच्या बसने तिथे पोचायचो. काळे टी-शर्ट, विद्यार्थ्याला परवडेल असं तिकीट, डोक्यावर छप्पर नाही. मोठ्या बँडची वेळ रात्रीची, पण जाणकार दुपारीच जागा धरायचे. नवा बँड सापडायचा तो त्याच वेळी. उन्हात, अर्ध्या रिकाम्या पायऱ्यांसमोर, नाव कधी न ऐकलेली चार पोरं चढायची, बेसचा आवाज नीट लागेपर्यंत एक गाणं वाया जायचं आणि तिसऱ्या गाण्याला अचानक सगळे उठून उभे राहायचे. ऱ्हिदम हाउसच्या काचेच्या खोलीत हेडफोन लावून ऐकलेली कॅसेट आवडायचीच, पण डोळ्यांदेखत एखादा बँड घडताना पाहणं वेगळंच. ते दुकानही २०१६ मध्ये बंद झालं.

त्या श्रोत्यांचा एक मोठा दोष होता आणि तो सांगायलाच हवा. त्यांना आयर्न मेडन आणि डीप पर्पलची गाणी हवी असायची. बँडने स्वतःचं गाणं सुरू केलं की आरडाओरडा व्हायचा. या हट्टाविरुद्ध पहिल्यांदा ठामपणे उभं राहिलं ते ‘रॉक मशीन’. १९८८ च्या पहिल्याच अल्बममध्ये त्यांनी स्वतःची गाणी दिली, १९९३ मध्ये नाव बदलून ‘इंडस क्रीड’ झाले. उदय बेनेगलचा आवाज आणि महेश तिनईकरची गिटार ऐकताना, आपल्या शहराचंही रॉक असू शकतं हा विश्वास आला. १९९४ मध्ये आलेल्या ‘पेन्टाग्राम’ने त्याच वाटेवर इलेक्ट्रॉनिक आवाजांची भर घातली. आज मुंबईचे बँड बिनदिक्कत स्वतःचं वाजवतात, ही लढाई त्या दोन बँडनी जिंकून दिली असं माझं मत आहे.

मग मंच गेला. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयं यांच्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र ठरवलं, तिथे दिवसा मर्यादा ५० डेसिबल. कॉलेजच्या भिंतीला भिंत असलेल्या रंगभवनला हे पेलणं शक्यच नव्हतं. तिथली रॉकची मैफल थांबली, आय-रॉक अंधेरीकडे गेला. शिवाजी पार्कही २०१० मध्ये न्यायालयाच्या आदेशाने शांतता क्षेत्रात आलं. आजाऱ्याला झोप मिळाली पाहिजे, यावर वाद नाही. माझी तक्रार वेगळी आहे. एक मंच काढून घेताना त्याच्या तोडीचा दुसरा, स्वस्त आणि स्टेशनजवळचा, शहराने दिला नाही. रात्री दहानंतर बारापर्यंत वाजवण्याची वर्षाला पंधरा दिवसांची सूट आहे, पण ती सणांनाच पुरत नाही. रॉकच्या वाट्याला त्यातलं काय येणार?

रॉक गेलं ते गिरण्यांच्या आवारात. २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ हा क्लब उघडला, तो २०१६ पर्यंत चालला. तिथला आवाज अप्रतिम होता. सिंबलचा कंप विझेपर्यंत ऐकू यायचा. स्वतःची गाणी वाजवणाऱ्यांना तिथे मान होता.  पण दारू आणि जेवणाच्या बिलावर चालणाऱ्या जागेत सतरा वर्षांचा मुलगा शिरणार कसा? १९८२ च्या गिरणी संपाने ज्यांची घरं मोडली त्या कामगारांची नातवंडं दोन गल्ल्या पलीकडे राहत होती, आणि त्या दारातून आत जाणारे त्यांच्यात फार थोडे होते.

ही नातवंडं गप्प मात्र बसली नाहीत. लालबाग, करी रोड, वरळीत बेंजो पार्टीची परंपरा आहे आणि मुंबईतल्या जिवंत बँडसंगीताचा आढावा तिला वगळून पुरा होत नाही. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या कळांचं लांबट वाद्य. कळा डाव्या हाताने दाबायच्या, उजव्या हाताने तारा छेडायच्या. पिकअप लावून आवाज थेट अॅम्प्लिफायरमध्ये. काहीजण गिटारवाल्यांचे इफेक्ट पेडल जोडतात. मग एकच सूर ताणून, थरथरवत तो असा वर नेतात की गिटारच्या सोलोची ओढ तिथे पुरी होते. मागे कच्छी ढोल, ताशे, ऑक्टोपॅड, कीबोर्ड. सुपारी गणपतीची असो की हळदीची, दोन-तीन तास उभ्याने वाजवायचं. इतकी पक्की लय शहरातल्या मोजक्याच रॉक बँडकडे आहे. त्यांच्याकडे नाही ती स्वतःची चाल. कोळीगीतं आणि सिनेमाची गाणी यांच्या पुढे पार्टी सहसा जात नाही, कारण सुपारी देणाऱ्याला ओळखीचंच हवं असतं. रंगभवनच्या पायऱ्यांवर ऐकलेली फर्माईश ती हीच.

इकडे मोठ्या कार्यक्रमांना दिवस चांगले आले आहेत. महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून लोलापलूझा भरतं. २०२५ मध्ये तिथे ग्रीन डे आले, त्याच मैदानावर गन्स एन रोझेसही. आय-रॉक २०२२ मध्ये माझगावच्या बाजूला परत आला. मला आनंद झाला, पण रेसकोर्सचं तिकीट आणि क्लबचं बिल यांच्या मधली पायरी अजून रिकामीच आहे, आणि नवे बँड त्याच पायरीवर घडतात. ‘अभंग रिपोस्ट’सारखी मुलं वारकऱ्यांचे अभंग बेस गिटार आणि ड्रम्सवर घेऊन उभी राहतात, तेव्हा ऐकणारा मराठी तरुण आहे हे दिसतंच.

सरकारने आवाज बाहेर न जाऊ देणारं छत घालून रंगभवन पुन्हा चालवावं, निदान शनिवार-रविवारच्या दुपारी, तिकीट कॉलेजच्या मुलाला परवडेल असं ठेवून. आणि पहिल्याच दुपारी लालबागची एखादी बेंजो पार्टी बोलवावी, अट एकच घालून: वाजवाल ते सगळं स्वतःचं.