इंकांच्या वाटेचें वाङ्मय

गेल्या महिन्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आपल्या प्रवासवर्णनाचें हस्तलिखित अभिप्रायासाठीं आमच्याकडे आणून दिलें. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत, कुस्को शहराच्या वायव्येस पसरलेल्या पर्वतांतून माचू पिच्चूच्या भग्नावशेषांपर्यंत इंकांची जी जुनी वाट जाते, ती त्यानें चार दिवसांत पायीं चालून पुरी केली. त्याची ही हकीकत आहे. भाषा स्वच्छ आहे, निरीक्षण बारीक आहे, आणि प्रस्तावनेचे चार शब्द आम्हीं लिहावे एवढीच त्याची अपेक्षा होती. ते शब्द लिहावयास बसलों असतां आमची लेखणी अडली. ती कां अडली याचा विचार करतांना त्या एका हस्तलिखिताहून मोठा प्रश्न पुढें उभा राहिला, आणि त्याचा ऊहापोह वाचकांपुढें करावा असें वाटलें.

प्रथम त्या वाटेविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. आगगाडीच्या रस्त्यावरील ८२ व्या किलोमीटरच्या खुणेपाशीं उतरून, उरुबांबा नदी ओलांडली कीं ही वाट सुरू होते. तिची लांबी सुमारें २६ मैल; परंतु चढउतार असा कीं, दुसऱ्या दिवशीं वाटसरू सुमारें १३,८०० फूट उंचीच्या खिंडीवर येतो. त्या खिंडीच्या केचुआ नांवाचा अर्थ 'मेलेली बाई' असा आहे. पुढें रुंकुराकाय, सायाक्मार्का, फुयुपाटामार्का, विन्याय वायना असे दगडी अवशेष एकामागून एक लागतात, आणि चौथ्या दिवशीं सकाळीं 'इंतिपुंकू' म्हणजे सूर्यद्वार येथून माचू पिच्चू खालीं दृष्टीस पडतें. परवानाधारक वाटाड्याशिवाय या वाटेनें कोणासहि जातां येत नाहीं, आणि दर फेब्रुवारींत ती बंद असते. एका दिवसांत सारीं मिळून ५०० माणसेंच वाटेवर सोडतात. त्यांत पर्यटक सुमारें २०० असतात. बाकीचे वाटाडे, स्वयंपाकी आणि हमाल. हें प्रमाण वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

या वाटेवर इंग्रजींत विपुल लेखन झालें आहे, आणि त्याचा सांचा आतां ठरून गेला आहे. पहिल्या दिवशीं उत्साह. दुसऱ्या दिवशीं खिंडीच्या चढावर लागलेला दम आणि कोकाच्या पानांचा चहा. तिसऱ्या दिवशीं ढग, दाट रान आणि ऑर्किडचीं फुलें. चौथ्या दिवशीं धुकें विरळ होऊन झालेलें नगरीचें दर्शन. मध्येंच केव्हां तरी एक वाक्य येतें: पाठीवर भलें मोठें ओझें घेतलेले हमाल आमच्या बाजूनें धांवत पुढें गेले, आणि आम्ही मुक्कामावर पोंचलों तेव्हां तंबू उभारलेले होते. या वाक्यांत कौतुक असतें, थोडा संकोचहि असतो. परंतु त्यानंतर तीं माणसें ग्रंथांतून जीं नाहींशीं होतात, तीं पुन्हां शेवटच्या दिवशीं बक्षिसी देण्याच्या प्रसंगींच दिसतात. पर्यटकांहून ज्यांची संख्या अधिक, त्यांच्या वांट्यास दोनशें पानांतून दोन वाक्यें! आमच्या विद्यार्थ्याच्या हस्तलिखितांतहि हीं दोन वाक्यें आहेत.

हा सांचा कोठून आला हें पाहावयाचें तर हायरॅम बिंगॅम यांच्याकडे वळलें पाहिजे. येल विद्यापीठांत इतिहास शिकविणारे हे गृहस्थ २४ जुलै १९११ रोजीं माचू पिच्चूवर पोंचले. 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकानें एप्रिल १९१३ चा अंक त्यांच्या या कार्याला वाहिला. पुढें १९२२ मध्यें 'इंका लँड' आणि १९४८ मध्यें 'लॉस्ट सिटी ऑफ द इंकाज' हे त्यांचे ग्रंथ निघाले. बिंगॅम हे सामान्य लेखक नव्हेत, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. पावसाची भुरभुर असलेली ती थंड सकाळ. बरोबरच्या मंडळींपैकीं एकाला फुलपांखरें पकडावयाचीं आहेत, तर दुसऱ्याला कपडे धुवावयाचे आहेत. खवळलेल्या नदीवरचा ओंडक्यांचा पूल ग्रंथकर्ता हातापायांवर रांगत ओलांडतो. आणि मग तो घामाघूम करणारा चढ. हें सारें त्यांनीं अशा हातोटीनें सांगितलें आहे कीं, पुढें काय लागणार हें ठाऊक असूनहि वाचकाची उत्कंठा कमी होत नाहीं. इंग्रजी प्रवासगद्याचा नमुना म्हणून हें प्रकरण आम्ही स्वतः कैक वर्षें वर्गांत वाचून दाखवीत आलों आहों.

आतां तेंच प्रकरण सावकाश वाचावें. वाट दाखवितो तो मेल्चोर आर्तेआगा नांवाचा स्थानिक शेतकरी. त्याला त्याबद्दल एक सोल मिळतो. वर गेल्यावर शेतकऱ्यांचीं कुटुंबें भेटतात. इंकांनीं बांधून काढलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांतच तीं पीक काढीत आहेत. तीं पाहुण्याला गार पाणी आणि शिजविलेलीं रताळीं देतात. प्रत्यक्ष अवशेषांतून ग्रंथकर्त्याला नेतो तो एक लहान मुलगा, आणि त्याचें नांव ग्रंथकर्ता देत नाहीं. एका देवळाच्या भिंतीवर कोळशानें लिहिलेलें लिसारागा हें नांव आणि १९०२ हें साल बिंगॅमनीं पाहिलें होतें. त्यांच्या त्या वेळच्या टिपणवहींत लिसारागाची नोंद शोधक म्हणून आहे. परंतु १९४८ च्या ग्रंथाची मांडणी पाहावी तों शोधक एकच उरला आहे, आणि तो ग्रंथकर्ता स्वतः. जेथें माणसें नांदत आहेत आणि जेथील मूल पाहुण्याला बोट धरून हिंडवितें, ती नगरी हरवलेली कशी म्हणावी? ज्याला ती ठाऊक नव्हती, त्याच्यापुरतीच ती हरवलेली होती.

बिंगॅम यांच्या सिद्धांतांतील चुका पुढील संशोधकांनीं दाखविल्याच आहेत. स्पॅनिशांपासून निसटलेल्या इंकांचें अखेरचें ठाणें विल्काबांबा तें हेंच, असें ते शेवटपर्यंत मानीत. तें ठाणें वस्तुतः एस्पिरितू पांपा येथील रानांत होतें, असें जीन सॅव्हॉय यांनीं १९६४ मध्यें दाखविलें. आणि गंमत अशी कीं, बिंगॅम त्याहि ठिकाणीं १९११ मध्येंच जाऊन आले होते, पण त्याचें महत्त्व त्यांना उमगलें नाहीं. माचू पिच्चू हें १५ व्या शतकांतील पाचाकुती या सम्राटाचें खासगी निवासस्थान असावें, हें मत जॉन रो यांच्या संशोधनानें रूढ झालें. तेथें सांपडलेले सांगाडे बहुतेक सारे स्त्रियांचे आहेत, या समजुतीवर सूर्यकुमारींची जी रम्य कथा उभारली गेली, तीहि सांगाड्यांच्या फेरतपासणींत टिकली नाहीं. या चुकांबद्दल आम्ही ग्रंथकर्त्याला दोष देत नाहीं. पहिल्यानें पाहणारा पहिल्यानें चुकतोहि. परंतु पाण्याचें भांडें पुढें करणारा हात दिसूनहि नगरीला हरवलेली म्हणणें, ही माहितीची चूक नव्हे. ती दृष्टीची चूक आहे, आणि नंतरच्या लेखकांनीं बिंगॅम यांच्या माहितीपेक्षां त्यांची दृष्टिच अधिक उचलली.

या दृष्टीला पहिला मोठा धक्का एका कवीनें दिला. चिलीचे पाब्लो नेरुदा १९४३ मध्यें माचू पिच्चूला गेले, आणि दोन वर्षांनीं त्यांनीं त्यावर बारा खंडांचें दीर्घकाव्य लिहिलें. १९५० च्या 'कांतो खेनेराल' या ग्रंथांत तें समाविष्ट आहे. शिळांचें वैभव पाहून हा कवि दिपून जातो, पण तेथेंच थांबत नाहीं. हें ज्यांनीं उभारलें त्या पाथरवटांचें आणि वेठकऱ्यांचें काय झालें, हा प्रश्न तो त्या शिळांनाच करतो, आणि अखेरीस त्या मृतांना आपल्या वाणीनें बोलावयास बोलावितो. भग्नावशेषांवरच्या काव्याला सहसा राजांची आठवण होते. येथें ती मजुरांची झाली, हें या काव्याचें थोरपण आहे. तथापि, एवढ्या मोठ्या कवीबद्दल धाडस करून आम्हांला एक उणीव सांगावीशी वाटते. मेलेल्यांना तो आपली वाणी देऊं करतो. पण त्यांचे वंशज त्याच डोंगरांत, त्याच केचुआ भाषेंत, स्वतःच्या वाणीनें बोलत आहेत, याची चाहूल त्या काव्यांत लागत नाहीं.

ती वाणी ज्यांना ऐकावयाची असेल, त्यांनीं १९७७ मध्यें कुस्को येथें प्रसिद्ध झालेलें ग्रेगोरियो कोंदोरी मामानी याचें आत्मकथन वाचावें. रिकार्दो वाल्देरामा आणि कार्मेन एस्कालांते या अभ्यासकांनीं तें त्याच्या तोंडून केचुआंत उतरून घेतलें व स्पॅनिश भाषांतरासह छापलें. १९९६ मध्यें त्याचें इंग्रजी रूपहि निघालें. ग्रेगोरियो हा कुस्कोंतला हमाल. इंकांच्या वाटेवरचा नव्हे. शहरांत पाठीला दोर बांधून लोकांचीं ओझीं वाहणारा. लहानपणीं पोरका झाला, गांव सोडलें, पलटणींत राहिला, गिरणींत राबला, आणि शेवटीं दोर पाठीला आला. त्याची बायको असुन्ता किस्पे वामान हिनेंहि त्याच पुस्तकांत आपलें आयुष्य सांगितलें आहे. या कथनांत कोठें धुकें विरत नाहीं आणि कोणतेंहि दर्शन घडत नाहीं. एका ओझ्यामागून दुसरें ओझें यावें तसे प्रसंग येतात, आणि इंका हे तेथें संग्रहालयांतले पुरातन लोक नसून सांगणाऱ्याच्या स्वतःच्या गोष्टींतले आहेत. वाङ्मयीन अलंकरणाचा लेशहि नसलेलें हें पुस्तक वाचून झाल्यावर बिंगॅम यांचें तें सुंदर प्रकरण आम्हांला पूर्वीसारखें वाचतां आलें नाहीं.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, प्रवासवर्णन म्हणजे मजुरांच्या स्थितीचा अहवाल नव्हे. सौंदर्याचा अनुभव हाच त्याचा विषय. आक्षेप रास्त आहे, पण तो या वाटेला लागू पडत नाहीं. इंकांजवळ चाकाची गाडी नव्हती. त्यांचे रस्ते पायांसाठीं, माणसाच्या आणि लामा या जनावराच्या पाठीसाठीं बांधलेले होते. म्हणून तर ते खुशाल पायऱ्यांनीं डोंगर चढतात. निरोप्ये टप्प्याटप्प्यानें धांवत आणि गांठींच्या दोऱ्यांतून हिशेब नेत. ही वाट मुळांतच ओझें वाहणाऱ्यांची आहे, आणि आज तिच्यावर तिच्या मूळच्या कामासाठीं कोणी चालत असेल तर तो हमालच. त्याला वगळणें म्हणजे विषयच वगळणें होय. आमच्या गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' आजहि जिवंत वाटतो, त्याचें एक कारण हें कीं, काशीच्या गंगोदकाची कावड त्यांनीं स्वतःच्या खांद्यावर घरापर्यंत आणली होती. ओझें म्हणजे काय हें त्या लेखकाच्या खांद्याला ठाऊक होतें.

हस्तलिखित परत देण्यासाठीं आम्हीं त्या विद्यार्थ्याला बोलाविलें आणि सहज विचारलें, "वाटेच्या नाक्यावर ओझीं तोलतात ना?" पेरूच्या कायदेमंडळानें २००१ मध्यें हमालांसाठीं कायदा करून ओझ्याची मर्यादा २० किलो ठरविली, हें आम्हीं वाचलें होतें. तो म्हणाला, "तोलतात, सर. एका म्हाताऱ्याचें ओझें जास्त भरलें. त्यानें त्यांतली रॉकेलएवढी जड गॅसची टांकी काढून आपल्या मुलाच्या गांठोड्यांत सरकविली. मुलगा पहिल्यांदाच आला होता. रात्रीं त्या म्हाताऱ्यानें मला वाटाड्याकरवीं विचारलें, तुमच्याकडे मका पिकतो का, आणि पाऊस वेळेवर येतो का." आम्हीं विचारलें, "हें पुस्तकांत कां नाहीं?" तो गोंधळला. "तें काय लिहायचें, सर? तें प्रवासवर्णनांत मोडत नाहीं."

तें मोडत नाहीं असें त्याला कोणीं शिकविलें? आम्हींच. त्या प्रकरणाच्या शैलीची वाखाणणी आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें केली. पण बिंगॅमना हिंडविणाऱ्या त्या मुलाचें नांव काय, असें ना कधीं एखाद्या विद्यार्थ्यानें विचारलें, ना आम्हांला स्वतःला सुचलें. मग प्रस्तावनेंत या तरुणाला दोष कोणत्या तोंडानें द्यावा, आणि न देतां स्तुति तरी कशी करावी? लेखणी अडली ती येथें.

नाक्यावरचा प्रसंग आणि ती रात्र लिहून आण, असें सांगून आम्हीं हस्तलिखित परत केलें. आठ दिवसांनीं तो आला. पानें लिहिलीं होतीं आणि चांगलीं उतरलीं होतीं. परंतु त्या म्हाताऱ्याचें आणि मुलाचें नांव कांहीं केल्या आठवत नाहीं, असें तो खालीं मान घालून म्हणाला. पहिल्या संध्याकाळीं सर्व हमालांनीं एकेक करून आपलीं नांवें सांगितलीं होतीं. आम्हीं त्याला सांगितलें, "मग तेंहि लिही."