नक्षत्रे कोणासाठी?

मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट' या महाकाव्यात एक प्रश्न तीन वेळा येतो, आणि तिन्ही वेळा निराळ्या मुखातून. आकाशातील ज्योतिर्गोलांची ही असंख्य रास ईश्वराने कोणासाठी निर्मिली? पृथ्वी हेच जर मानवाचे घर, आणि मानव हीच जर सृष्टीची परिपूर्ती, तर अन्य विश्वांचे प्रयोजन कोणते? या काव्यावरील टीकावाङ्मयात हा प्रश्न बहुधा मिल्टनच्या खगोलज्ञानाच्या अनुषंगाने चर्चिला जातो. त्याला टॉलेमीचे मत मान्य होते की कोपर्निकसचे, याचा निवाडा करण्यात पंडितांची पुष्कळ पाने खर्ची पडली आहेत. ती चर्चा निरर्थक नव्हे. पण तीमुळे काव्यातील खरा धागा दृष्टीआड झाला आहे, असे म्हणावे लागते.

प्रथम विचारते ती ईव्ह. चौथ्या सर्गातील सायंकाळ आहे. पहाटेची शीतलता, फुले, चांदणे हे सारे रम्य खरे, पण तुझ्यावाचून त्यांत गोडी नाही, असे ती ॲडमला सांगत असते. प्रीतीचे हे बोलणे चालू असतानाच ती सहज विचारून जाते: आपण निजल्यावर या तारका कोणासाठी तेवत असतात? ॲडम गडबडत नाही. रात्रीने आपले जुने राज्य परत मिळवू नये म्हणून त्या तेवतात. शिवाय कोट्यवधी अदृश्य जीव पृथ्वीवर वावरत असतात व ईश्वराची स्तुती करीत असतात, असे उत्तर तो देतो. नवविवाहित पतीच्या उत्तरात जो आत्मविश्वास असावा, तो त्यात पुरेपूर आहे.

त्याच रात्री सैतान ईव्हच्या कानाशी बसतो. तिला जे स्वप्न पडते त्याचा वृत्तांत पाचव्या सर्गात आहे. स्वप्नातील आवाज तिचाच प्रश्न उचलतो, आणि त्याचे निराळे उत्तर देतो: पाहणारा कोणी नसेल तर चांदणे व्यर्थ, आकाश आपले सारे डोळे उघडून जागे आहे ते तुला पाहण्यासाठी. जिज्ञासेचे खुशामतीत रूपांतर होण्यास एक रात्र पुरते. मिल्टनच्या नाट्यदृष्टीचा याहून सूक्ष्म पुरावा या काव्यात क्वचितच सापडेल.

तिसऱ्या वेळी, आठव्या सर्गात, ॲडम स्वतःच राफाएल देवदूताला विचारतो. पत्नीला खात्रीने उत्तर देणाऱ्याला आता स्वतःच्या उत्तराची खात्री उरलेली नाही. त्याचा आक्षेप एखाद्या काटकसरी गृहस्थाचा आहे: निसर्ग एरवी इतका मितव्ययी असताना या कणाएवढ्या पृथ्वीच्या सेवेसाठी एवढ्या प्रचंड गोलांची उधळपट्टी का? या शंकेला काव्यातच आधार आहे. बंडखोर देवदूतांच्या पतनाने झालेली उणीव भरून काढण्यासाठी ईश्वराने हे विश्व व मानव निर्मिला, असे सातवा सर्ग सांगतो. तेव्हा एका विश्वाचे प्रयोजन ठरलेले आहे. बाकीच्यांचे काय?

राफाएलचे उत्तर अनेक टीकाकारांना रुचलेले नाही. सूर्य मध्यवर्ती असेल, चंद्रावर वस्ती असेल, दूरवर अन्य सूर्यही असतील, अशा शक्यता तो एकामागून एक मांडतो, आणि शेवटी अन्य विश्वांची स्वप्ने पाहू नकोस, विनम्रतेने शहाणा हो, असा उपदेश करतो. ज्ञानाची कवाडे लावून घेणारे हे उत्तर आहे, असा आरोप त्यावर होतो. परंतु या लांबलचक भाषणाच्या मध्यावर एक विचार येऊन जातो, आणि तोच साऱ्याचे मर्म आहे. हे मंदिर मानवाला भरून टाकता येणार नाही इतके विशाल केले, ते आपण स्वतःच्या घरात राहत नाही हे त्याने ओळखावे म्हणून. अफाट वाड्यातील दोन खणांत बिऱ्हाड करून असलेल्या माणसाने उरलेले दिवाणखाने कोणासाठी, हे मालकाला विचारावे. आणि उत्तर मिळावे की ते मालकाच्या कामी येतात. हे उत्तर टाळणे नव्हे. 'कोणासाठी' या शब्दात दडलेला 'माझ्यासाठी' तेवढा बाहेर काढून ते समोर ठेवते.

आणि नेमके हे उत्तर ईव्ह ऐकत नाही. चर्चा गहन होते आहे असे पाहून ती उठते व आपल्या फुलझाडांकडे जाते. तिला हा विषय कळत नाही म्हणून नव्हे, तर पतीच्या मुखातून ऐकणे तिला अधिक आवडते म्हणून. फुले मिटण्याच्या वेळी ती परतते आणि देवदूताचे निरोपाचे बोलणे तेवढे तिच्या कानी पडते, असे नवव्या सर्गात ती स्वतःच सांगते. ॲडमने तिला ताऱ्यांविषयीचे संभाषण सांगितल्याचे काव्यात कोठेही दाखविलेले नाही. नवव्या सर्गातील सर्पाचे पहिले वाक्पाश याच रिकाम्या जागी येऊन बसतात: तुला पाहणारा माणूस एकच, आणि एक म्हणजे काय? देवांमध्ये देवी म्हणून तू मिरवावीस! स्वप्नातील आवाज आता दिवसाढवळ्या बोलतो. १६६७ च्या दहा सर्गांच्या आवृत्तीत राफाएलचे हे संभाषण सातव्या सर्गाच्या पोटात होते. १६७४ च्या बारा सर्गांच्या रचनेत मिल्टनने तो सर्ग दुभंगून आठव्याचा आरंभ या संभाषणाने केला. त्याचे महत्त्व कवीला उमगले होते, एवढे तरी यावरून म्हणता येईल.

या प्रश्नामागे ख्रिस्ती विचाराची जुनी अडचण होती. ईश्वर एकाहून अधिक विश्वे निर्माण करू शकत नाही, असे म्हणणे पॅरिसच्या बिशपाने १२७७ साली निषिद्ध ठरविले, कारण त्यात ईश्वराच्या सामर्थ्याला मर्यादा पडत होती. तर असंख्य विश्वे आहेतच असे सांगणारा ब्रूनो, इतरही पाखंडी मतांच्या आरोपांसह, १६०० साली रोममध्ये जाळला गेला. उद्धारक एक आणि विश्वे अनेक, यांचा मेळ कसा घालावा? १७९४ साली टॉमस पेनने याच विसंगतीवर उपहासाचा आसूड ओढला. सी. एस. लुईसने 'पेरेलँड्रा' (१९४३) या कादंबरीत तिचे उत्तर दिले. शुक्रावरील आदिस्त्री, तरंगती बेटे, स्थिर भूमीवर रात्र काढण्याची बंदी ही कल्पना अपूर्व आहे. पण शेवटी प्रत्येक विश्वच केंद्र आहे हे सिद्ध करणारे जे दीर्घ स्तवन येते, त्यात कथा संपून प्रवचन सुरू होते. मिल्टनने उत्तर अर्धे ठेवले, हे काव्याच्या दृष्टीने हिताचेच झाले.

मराठीत हा भाग आणू पाहणाऱ्याची अडचण निराळी आहे. 'अनंतकोटी ब्रह्मांडनायक' हा घोष ज्याने बालपणापासून ऐकला, त्याला ॲडमचा विस्मय शिकवावा लागतो. भागवताच्या दशम स्कंधात ब्रह्मदेवच आपले ब्रह्मांड कृष्णापुढे कणासारखे असल्याचे कबूल करतो. ब्रह्मसूत्रे सृष्टीला केवळ लीला म्हणतात, म्हणजे 'कशासाठी' हे विचारण्याची सोयच उरत नाही. यात धन्यता मानण्याचे मात्र कारण नाही. दर्शनाचे समाधान करणारे उत्तर काव्याला प्रत्येक वेळी पात्र पुरवितेच असे नाही. योगवासिष्ठातील लीला राणी हा ठळक अपवाद. पण तिला विश्वांमागून विश्वे दिसतात ती मृत पतीच्या शोधात. शोकाने विचारले म्हणून तेथे प्रश्नाला जीव आला.

शब्दाची अडचण याहून बिकट आहे. 'लोक' म्हटले की मराठीत भुवनही येते आणि माणसेही येतात. राफाएलने 'कदाचित' म्हणून सोडून दिलेली वस्ती अनुवादक एका शब्दाने वसवून मोकळा होतो. 'जग' फार घरगुती, 'ब्रह्मांड' फार पौराणिक. उरते ते 'विश्व', तेही अनेकवचनात थोडे अवघडते. एका स्थळी मात्र मराठीचा वारसा मदतीला येतो. तिसऱ्या सर्गात सैतान ताऱ्यांमधून पृथ्वीकडे उतरत असताना ते तारे त्याला अन्य विश्वांसारखे, किंवा सुखी बेटांसारखे भासतात. तेथे कोण सुखाने नांदते हे विचारण्यासही तो थांबत नाही. त्या बेटांना 'द्वीपे' म्हणावे. जंबुद्वीपापासून पुष्करद्वीपापर्यंतचा सारा पौराणिक भूगोल त्या शब्दामागे उभा राहतो, आणि वस्ती आहे की नाही हे सांगण्याचे बंधन त्या शब्दावर नाही.