माव्याची मोजणी आणि बटाट्याचे बेणे : एक आक्षेप

निरोगी बेणे मैदानी प्रदेशातही तयार करता येते, हे केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेत पुष्करनाथ यांनी विकसित केलेल्या बेणे-मळा पद्धतीने सिद्ध केले. मावा विरळ असतो त्या काळात पीक वाढवावयाचे आणि १०० संयुक्त पानांमागे २० मावे ही मर्यादा येताच पाला कापावयाचा, हे तिचे सूत्र होय. या पद्धतीचे ऋण मान्य करूनही, केवळ पानांवरील मोजणीवर विसंबण्यास एक आक्षेप घेणे प्राप्त आहे.

या मोजणीत येतो तो मुख्यतः पिकावर वस्ती करणारा मावा. पर्णवलनाच्या विषाणूपुरती ती सयुक्तिक आहे. हा विषाणू माव्याच्या शरीरात फिरून लाळेत उतरावा लागतो. त्यास बराच अवधी लागतो. म्हणून बटाट्यावर टिकून राहणारी जातच त्याचा प्रसार करते. वाय विषाणूची रीत निराळी. तो सोंडेच्या टोकाशी राहतो आणि क्षणभराच्या टोचणीत एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. तृणधान्यांवरील पंखधारी मावाही बटाट्यावर वस्ती न करता, जाता जाता हे काम उरकतो. पानावर तो सापडत नाही. तक्त्यात मावा नगण्य आणि शेतात रोग, ही विसंगती त्यामुळेच संभवते. कीटकनाशकाचाही येथे फारसा उपयोग नाही. मावा मरण्यापूर्वी टोचणी होऊन गेलेली असते.

सापळ्यांनी ही उणीव अंशतः भरून निघते. मोरिके यांच्या १९५१ च्या पिवळ्या सापळ्यात पिकावर उतरू पाहणारे पंखधारी सापडतात. परंतु पिवळ्या रंगाची ओढ सर्व जातींना सारखी नसते. रॉथॅमस्टेड येथे १९६४ पासून वापरात असलेला १२.२ मीटर उंचीचा शोषण-सापळा प्रदेशाचे चित्र देतो, एका शेताचे नव्हे. शिवाय जातींची प्रसारक्षमता भिन्न आहे. मायझस पर्सिकीस १ धरून इतर जातींस गुणांक देण्याची डच पद्धत म्हणूनच अधिक विचारशील वाटते.

प्रश्न केवळ तात्त्विक नाही. पाला लवकर कापला तर कंद लहान राहतात. उशीर झाला तर विषाणू कंदात उतरतो. पंजाबचे बेणे विकत घेणाऱ्या खेड-आंबेगावच्या शेतकऱ्यास तो कंद पाहून ओळखता येत नाही. पीक उगवल्यावरच कळते. तेव्हा माव्याचा आकडा देणाऱ्या प्रत्येक प्रबंधाने तो कोणत्या विषाणूसाठी मोजला, हे आधी सांगावे.