मधुपाचे पान : श्लेषाच्या देशीपणाविषयी

श्लेष हा मराठीने संस्कृतकडून उसना घेतलेला अलंकार असून पंडित कवींबरोबर त्याचे कार्यही संपले, ही धारणा आपल्या समीक्षाव्यवहारात इतकी रुळली आहे की ती तपासण्याची गरज कोणास भासत नाही. अलंकार शिकवताना मीही ती अनेक वर्षे निमूटपणे पुढे चालवली. तिला तडा गेला तो ‘पान’ या शब्दामुळे.

परभणी जिल्ह्यातील पानगळ शरदातली नव्हे. (गळत्या पानांचा शरद आपल्याकडे इंग्रजी कवितेच्या अनुवादांतून आला, येथल्या शरदात रब्बी ज्वारीची पेरणी चाललेली असते.) शिशिर सरता सरता पळस निष्पर्ण होतो आणि फाल्गुनात त्याच उघड्या फांद्या फुलून त्यांवर मधमाश्या घोंगावू लागतात. अशा वेळी सहज म्हणता येते : पळसाचे पान सरले, तेव्हा मधुपाचे पान सुरू झाले. पहिले पान गळणारे, दुसरे प्राशनाचे. पळसाच्या पानांची पत्रावळ होते हे ध्यानी घेतल्यास जेवणाचे मांडलेले तिसरे पानही त्यात डोकावते.

हा श्लेष संस्कृतात संभवतच नाही. तेथे पर्ण निराळे, पान निराळे. पर्णाचे प्राकृतात ‘पण्ण’ झाले, त्याचे पुढे ‘पान’ झाले आणि ‘पा’ धातूपासून आलेल्या तत्सम पानाशी त्याची गाठ पडली. सोस्यूरच्या परिभाषेत ही दोन यादृच्छिक चिन्हांची निव्वळ टक्कर ठरेल. ते मान्य, परंतु ही टक्कर घडली ती लोकांच्या जिभेवर झिजलेल्या शब्दामुळे. तिचे श्रेय कोणा अलंकारशास्त्रज्ञाकडे जात नाही.

याउलट ‘द्विरेफ’ पाहावा. ‘भ्रमर’ या शब्दात दोन र आहेत म्हणून भुंगा द्विरेफ! ही क्रीडा अक्षरे मोजणाऱ्यांची आहे. ‘भुंगा’ म्हणणाऱ्याला त्यात प्रवेश नाही, कारण त्याच्या शब्दात एकही र नाही. पानाचा श्लेष मात्र निरक्षर कानालाही उमगतो. मोरोपंतांच्या यमकांवरून साऱ्या मराठी शब्दक्रीडेचा निवाडा करणाऱ्यांनी हा भेद लक्षातच घेतलेला नाही.

‘मधु’ हे चैत्राचे वैदिक नाव. त्या आधारे ‘मधुपान’ म्हणजे चैत्राची पालवी, असाही अर्थ लावता येईल. पण तो मला पुन्हा द्विरेफाच्याच घरचा वाटतो.