बालवाचक आणि इतिहासाचा पुरावा : नेहरूंच्या पत्रांचा पुनर्विचार

पंडित जवाहरलाल नेहरूंनी १९२८ च्या उन्हाळ्यात मसुरीस असलेल्या दहा वर्षांच्या इंदिरेला लिहिलेली पत्रे १९२९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. कल्पित कथेचा आधार न घेताही लहान मुलांना इतिहास शिकविता येतो, याचे हे पुस्तक महत्त्वाचे उदाहरण होय. आरंभीच्या पत्रात दगडाच्या गुळगुळीत, गोल आकारावरून त्याचा पूर्वप्रवास ओळखण्यास ते मुलीला शिकवितात. येथे दगड हाच पुरावा ठरतो आणि बालवाचक केवळ श्रोता न राहता अभ्यासक बनतो. भाषांच्या नात्याविषयीच्या पत्रातही समान शब्दांचा असाच आधार घेतलेला आहे.

मात्र आर्यांच्या स्वभावगुणांचे वर्णन करताना ही पद्धती शिथिल होते. तेथे पुरावा मागे पडतो व केवळ निष्कर्ष हाती येतो. मानवाची वंशांत केलेली विभागणीही आजच्या आनुवंशिकीला मान्य नाही. तथापि माहिती कालबाह्य होणे हा कोणत्याही ग्रंथाचा अटळ भाग आहे. ती कशावरून कळली हे न सांगणे, हा बालवाङ्मयातील अधिक गंभीर दोष मानावा लागेल. माहिती पुढे सुधारता येते, पण पुरावा मागण्याची सवय लहानपणीच लागावी लागते. म्हणूनच दगडाच्या पत्राने घालून दिलेला निकष उर्वरित पत्रांना मुलांकरवी लावून घेणे, हेच या पुस्तकाचे खरे अध्यापन ठरेल.