दर्पण-पेशी आणि सविकल्प समाधी

रसचर्चा निघाली की 'आता हे विज्ञानानेच सिद्ध केले आहे' असे वाक्य अलीकडे हमखास कानी पडते. या सिद्धतेची मुख्य साक्ष म्हणजे मेंदूतील दर्पण-पेशी. रंगभूमीवरील परक्याचे दुःख पाहून प्रेक्षकाचे डोळे का पाणावतात, हा भरतमुनींपासून चालत आलेला प्रश्न त्यांनी निकालात काढला, अशी समजूत शिक्षकवर्गातही रुजू लागली आहे. उद्या हेच उत्तर आपण विद्यार्थ्यांच्या पदरात टाकणार असल्याने साक्ष तपासून घेणे अवश्य आहे.

मूळ शोध असा. इटलीतील पार्मा येथे जाकोमो रिझोलात्ती व त्यांचे सहकारी मॅकाक माकडाच्या मेंदूतील, हाताच्या हालचालींशी निगडित अशा एका भागाचा अभ्यास करीत होते. माकडाने वस्तू उचलली की तेथील ठराविक पेशी उद्दीपित होत. परंतु माकड स्वस्थ बसून माणसाला वस्तू उचलताना केवळ पाहत असतानाही त्यांपैकी काही पेशी उद्दीपित होतात, असे दिसून आले. ही वार्ता १९९२ साली प्रसिद्ध झाली. 'दर्पण' हे नाव १९९६ च्या लेखनाने रूढ केले. शोध मोठा, यात शंका नाही. मात्र त्यावरचे इमले त्याहून मोठे. डी. एन. ए. ने जीवशास्त्रासाठी जे केले ते या पेशी मानसशास्त्रासाठी करतील, असे भाकीत व्ही. एस. रामचंद्रन यांनी २००० साली केले. उलट ग्रेगरी हिकॉक यांनी २०१४ साली एक संपूर्ण ग्रंथ लिहून, या पेशींमुळेच आपल्याला दुसऱ्याच्या कृतीचा अर्थ कळतो, हे मत अमान्य केले.

साहित्याच्या अभ्यासकाची अडचण निराळी आहे. पाहणाऱ्याच्या ठायी नटाच्या कृतीची प्रतिकृती उमटते एवढेच म्हणायचे असेल, तर आपण पुन्हा अनुकरणवादाच्या दाराशी येऊन ठेपतो. रस म्हणजे अनुकरण हे शंकुकाचे मत अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी सहस्र वर्षांपूर्वीच खोडून काढले होते. हाताचे अनुकरण दिसते. शोकाचे अनुकरण कोणी, कशाच्या आधारे ओळखावे?

याहून महत्त्वाची गोष्ट मात्र दर्पण-पेशींच्या भक्तांनी जवळजवळ दुर्लक्षिली आहे. अपस्मारावरील उपचारासाठी ज्यांच्या मेंदूत विद्युत्-तारा बसविल्या होत्या, अशा २१ रुग्णांच्या १,१७७ पेशींची नोंद अमेरिकेत घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यात करताना आणि पाहताना दोन्ही वेळी उद्दीपित होणाऱ्या पेशी आढळल्या. परंतु करताना उद्दीपित होणाऱ्या आणि पाहताना मात्र मंदावणाऱ्या काही पेशीही आढळल्या. 'ही कृती माझी नव्हे' हा भेद राखण्यास त्या साह्य करीत असाव्यात, असे त्या संशोधकांनी सुचविले.

हे वाचताना मराठी वाचकाला तात्यासाहेब केळकरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९२१ च्या बडोदे येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी सविकल्प समाधीची उपपत्ती मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका टाकून नव्हे. त्या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयानंद आहे, असा तिचा आशय. त्यातील 'समाधी' सर्वांनी उचलली. 'सविकल्प' या विशेषणाकडे पुरेसे लक्ष गेले नाही. आज दर्पण-पेशींबाबत तेच घडते आहे. तादात्म्य तेवढे सांगायचे आणि अंतर गाळायचे! अंतर नसेल तर प्रेक्षक नायिकेला वाचविण्यासाठी रंगमंचावर धाव घेईल, रस घेणार नाही. अर्थात २०१० च्या प्रयोगाने केळकर सिद्ध झाले, असे मी म्हणत नाही. रुग्णांसमोर होते ते हाताने वस्तू पकडणे आणि चेहऱ्यावरचे स्मित किंवा आठ्या; शोकांतिका नव्हे. पण साम्यच शोधायचे तर ते येथे शोधावे.

लंडन येथे झालेल्या एका प्रयोगाचा उल्लेख करावासा वाटतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बॅले नर्तकांना आणि कापुएरा या ब्राझिली प्रकारात तयार झालेल्यांना दोन्ही नृत्ये दाखविण्यात आली. ज्याने जे नृत्य स्वतः आत्मसात केले होते, ते पाहताना त्याच्या मेंदूतील संबंधित भाग अधिक क्रियाशील झाले. काव्याच्या अनुशीलनाने ज्याचे मन आरशासारखे निर्मळ झाले तो सहृदय, ही अभिनवगुप्ताची कल्पना येथे आठवते. त्याचा आरसा जन्मतः लाभलेला नाही. तो घासून पुसून सिद्ध करावा लागतो. तरीही नर्तकाच्या डोळ्यांपुढे हलणारे शरीर असते. कादंबरी वाचणाऱ्यापुढे तेही नसते, केवळ अक्षरे असतात. आणि ती शरीर न दाखविता हे कार्य कसे करतात, या प्रश्नाकडे पार्म्याची माकडे आपल्याला नेऊ शकत नाहीत.