पानांच्या हिशेबांतील प्रणय

प्रणयकादंबरीचें नांव काढतांच नाक मुरडणें हें आमच्या विद्वद्वर्गांत रसिकतेचें लक्षण समजलें जातें. आमचें मत तसें नाहीं. या कादंबरीचा शेवट गोड व्हावयाचा हें वाचकास पहिल्या पानापासूनच ठाऊक असतें. तेव्हां लेखिकेचें सारें कसब मीलन लांबविण्यांत असतें, आणि तें लांबण्याचें कारण नायक-नायिकांच्या स्वभावांतूनच निघालें पाहिजे. हें काम सोपें नव्हे.

परंतु इंग्रजी वाङ्मयांत हल्लीं हा विलंब कोण ठरवितें, हें पाहण्यासारखें आहे. अ‍ॅमेझॉन कंपनीनें २००७ सालीं किंडल हें वाचनयंत्र काढलें, आणि प्रकाशकांचे उंबरठे न झिजवितां पुस्तक परभारें विकण्याची सोय लेखकांस करून दिली. २०१० पासून ठराविक किंमतीच्या पुस्तकांवर शेंकडा ७० हिस्सा लेखकास मिळूं लागला. अमांडा हॉकिंग या तरुणीच्या अद्भुत-प्रणयकथा प्रकाशकांनीं नाकारल्या होत्या; तिनें त्या २०१० मध्यें स्वतःच प्रसिद्ध केल्या, आणि पुढच्याच वर्षीं सेंट मार्टिन्स प्रेसनें चार पुस्तकांकरितां तिला वीस लक्ष डॉलरांहून अधिक रक्कम देऊं केली. कोलीन हूवर यांची पहिली कादंबरीही २०१२ मध्यें याच वाटेनें आली. येथवर आम्हांस आनंदच वाटतो.

पण जुलै २०१४ मध्यें कंपनीनें मासिक वर्गणी घेऊन हवीं तितकीं पुस्तकें वाचावयास देण्याची योजना काढली. प्रथम पुस्तकाचा दशांश वाचला गेला कीं लेखकाचा मोबदला ठरलेला असे. लगेच एकेका कथेचे तुकडे होऊन चिमुकल्या पुस्तिका निघूं लागल्या. जुलै २०१५ पासून वाचलेल्या पानांवर पैसे मिळूं लागले, तेव्हां त्याच कथा फुगूं लागल्या! कांहीं महाभागांनीं तर पुस्तकाच्या शेवटीं आपल्याच जुन्या कथांचा भरणा केला, व २०१८ मध्यें कंपनीस त्यास आळा घालावा लागला. एका मोकळ्या वाक्यानें मिटावा असा गैरसमज प्रकरणामागून प्रकरणें चालतो, तेव्हां तो नायिकेच्या मानी स्वभावामुळें चालला आहे कीं पानांच्या हिशेबामुळें, अशी शंका वाचकास येते. आणि ती एकदां आली कीं रसभंग झालाच.

वाङ्मय व पैसा यांची सांगड नवी नव्हे. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्याही 'करमणुकी'च्या अंकांतून क्रमशः येत, व त्यामुळें त्यांत पसरटपणा शिरला हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु 'करमणुकी'चे संपादक हरिभाऊच होते. कथा कोठें थांबवावयाची हें तेच ठरवीत. येथें माप दुसऱ्याच्या हातीं आहे. या योजनेंत घातलेलें पुस्तक निदान ९० दिवस संगणकीय रूपांत अन्यत्र विकतां येत नाहीं. आणि एका पानास काय मिळणार हें महिना संपल्यावर, त्या महिन्यापुरता नेमलेला निधि साऱ्या वाचलेल्या पानांत वांटून ठरतें. म्हणजे जी लेखिका नायक-नायिकांची भेट आणखी चाळीस पानें पुढें ढकलते, तिला त्या चाळीस पानांचें मोल लिहितेवेळीं ठाऊकच नसतें.